पहिली चिमूट

एका बाजारगावात एक मंजनवाला राहत होता. गाव नदीकाठचं, मंगळवारचा बाजार मोठा. आसपासच्या वाड्यावस्त्यांची माणसं मिठामिरचीपासून बैलांच्या घुंगरांपर्यंत सगळं तिथूनच न्यायची. त्या बाजारात पिंपळाखाली मंजनवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक घोंगडी, तिच्यावर दोन मडकी आणि पुड्या बांधायला पळसाची पानं. त्याचा बापही तिथेच बसायचा. घोंगडीकडे बघून वाटायचं की तीसुद्धा बापाचीच असावी.

मंजन अगदी साधं होतं. बाभळीची साल, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, हिरडा, थोडी लवंग आणि चवीपुरतं सैंधव. रंग काळपट, चव तुरट-कडू. लहान पोरं ते बघून तोंड वाकडं करायची आणि आईचा धपाटा खाल्ल्यावर निमूट घासायची. सगळा माल आधी खलबत्त्यात कुटायचा, मग जात्यावर दळायचा आणि शेवटी मंजनवाल्याच्या बायकोच्या हवाली करायचा. तिच्याकडे सासूच्या जुन्या लुगड्याचं एक फडकं होतं, वापरून मऊ झालेलं, पण विणीला घट्ट. मडक्याच्या तोंडावर ते ताणून बांधायचं, वर भुकटी घालायची आणि तळहाताने हलकी हलकी फिरवायची. फडक्यातून जे खाली उतरलं ते मंजन. वर जे राहिलं ते उकिरड्यावर.

त्या घराची आणखी एक रीत होती. नवा घाणा तयार झाला की पहिली चिमूट मंजनवाल्याने स्वतःच्या तोंडात घालायची. दाढेखाली जरा जरी करकर वाजली तरी सगळा घाणा पुन्हा जात्यावर जायचा. ही रीत बापाने घालून दिली होती. बाप म्हणायचा, "नख कापलं तर वाढतं, केस कापले तर वाढतात. दाताची साल एकदा खरवडली की परत येत नाही. लोक आपल्या भरवशावर तोंड उघडतात, तेव्हा आधी आपलं उघडायचं."

मंजनवाला पुडी बांधून देताना चार गोष्टी सांगायचा, त्याचे पैसे वेगळे घ्यायचा नाही. गूळ खाल्ला की चूळ भरा. निजायच्या आधी घासा, नुसतं सकाळीच नको. घासताना दातांवर राग काढू नका. लिंबू-चिंच खाल्ली असेल तर आधी पाण्याने तोंड धुवा, जरा वेळ जाऊ द्या, मग घासा. आंबट लागल्यावर दात हळवे होतात. लोक मान डोलवायचे, निम्मं विसरायचे, पण निम्मं पाळायचे, आणि तेवढ्यावरही भागायचं.

त्या गावात कुणाचे दात दुधासारखे पांढरे नव्हते. सगळ्यांचे जरा पिवळटच, मक्याच्या दाण्यांसारखे. पण पतवंडं बघितलेली माणसं भर बाजारात उभी राहून दातांनी ऊस सोलायची. कुणी म्हातारा भाजलेले हरभरे खाऊ लागला की त्याचा आवाज शेजारच्या दुकानात ऐकू यायचा. हे काही विशेष आहे असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. दुखल्याशिवाय दाताची आठवण कोण काढतो?

मंजनवाल्याला एकुलती एक मुलगी होती, शेवंता. लग्नाच्या वयाची, कामाला चपळ आणि भारी हसरी. बाजाराच्या दिवशी ती बापाशेजारी घोंगडीवर बसायची. समोरून जाणाऱ्या ओळखीच्या बाईला हाक मारायची, काहीतरी चेष्टा करायची आणि आपल्याच बोलण्याला आपणच हसायची. बाई हसत हसत थांबायची आणि थांबली की पुडी घेऊन जायची. मंजनवाला बायकोला म्हणायचा, की मंजन मी करतो, तू गाळतेस, पण विकते शेवंताच. पोरीवर त्याचा जीव होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकल्यावर कुणाला तसं वाटायचं नाही.

एका उन्हाळ्यात बाजारात एक परका माणूस आला. डोक्याला रंगीत फेटा, खांद्यावर पेटी आणि हातात एक मोठा आरसा. त्याने पिंपळाच्या समोरच्या बाजूला बैठक मारली आणि हाळी दिली, की एक दात फुकट उजळून देतो. फुकट म्हटल्यावर गर्दी व्हायला किती वेळ लागतो? तो एकेकाला पुढे बसवायचा, पेटीतल्या पांढऱ्या भुकटीत बोट बुडवायचा, समोरचा एकच दात कराकरा घासायचा आणि आरसा पुढे धरायचा.

आरशात एक दात पांढराशुभ्र आणि बाकीचे सगळे पिवळे. जन्मभर ज्या दातांचं कुणाला काही वाटलं नव्हतं, त्यांची त्या एका दाताशेजारी लाज वाटू लागायची. मग बाकीच्या दातांसाठी पुडी घ्यावीच लागायची. असा त्या माणसाचा धंदा होता. भुकटीपेक्षा आरशाने तो जास्त कमवायचा.

दुपारी शेवंता पाणी आणायला म्हणून उठली आणि परतली ती पदराने तोंड झाकून. मंजनवाल्याने विचारलं, काय झालं? तिने पदर काढला. तिचाही समोरचा एक दात पांढरा झाला होता.

त्या दिवसापासून तिचं हसणं गेलं. हसायला आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. पाणवठ्यावरच्या मुली चिडवायच्या, की शेवंते, तुझ्या तोंडात दिवा लागलाय, पण एकच. बाजारातली माणसं मंजनवाल्याला टोमणे मारायची, की तुझ्या पोरीलाच परक्याचं मंजन लागतं, मग आम्ही तुझं कशाला घ्यायचं? घोंगडीवरच्या पुड्या तशाच राहू लागल्या. तेवढ्यात आरसेवाला दुसऱ्या गावाला निघून गेला. असली माणसं एका बाजारात पुन्हा दिसत नाहीत. पण पांढऱ्या दाताचं वेड तो गावात ठेवून गेला, आणि त्याची पुडी संपली की लोक मंजनवाल्याकडेच येऊन विचारू लागले, तसलं आहे का?

पाणवठ्यावरच्या एका मुलीच्या पुडीत तळाशी उरलेली थोडी भुकटी शेवंताने मागून आणून जपून ठेवली होती. मंजनवाल्याने त्यातली कणभर जिभेवर ठेवली. पिढ्यान्पिढ्यांची जीभ ती, तिला लगेच कळलं. नदीतल्या पांढऱ्या गारगोटीचा चुरा, आणि त्यात सुकवलेला लिंबाचा रस. लिंबाने दात हळवा करायचा आणि गारगोटीने त्याची साल खरवडायची. उजळत काहीच नव्हतं, निघून जात होतं. त्याने थुंकून टाकलं, चूळ भरली आणि कितीतरी वेळ अंगणात बसून राहिला.

तिथेच तो उठून आत गेला असता आणि शेवंताला समोर बसवून खरं काय ते सांगितलं असतं, तर ही गोष्ट इथे संपली असती. ती रुसली असती, रडली असती. तो एक दात वर्षा-दोन वर्षांत इतरांसारखा दिसू लागला असता किंवा नसताही. पण बाजारातले टोमणे त्याच्या कानात घुमत होते, आणि पोरीचा तोंडावरचा हात त्याला बघवत नव्हता. थोडंसं घातलं तर काय होतंय, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की त्याला वकील लागत नाही.

त्याने नदीतून गारगोट्या आणल्या, भाजल्या, कुटल्या, दळल्या. लिंबं पिळून रस उन्हात आटवला. भुकटी बायकोपुढे ठेवली. तिने नेहमीसारखं मडक्यावर फडकं बांधलं, वर भुकटी घातली आणि हात फिरवला. खाली काहीच उतरलं नाही. तिने फडकं सोडून उजेडात धरलं. विणीत पांढरी कच अडकली होती.

"हे माझ्या फडक्यातून जात नाही," ती म्हणाली.

त्याने सांगितलं, जरा जोर लाव. तिने जोर लावला नाही. तिने फडकं अंगणात झटकलं, नदीवर नेऊन धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. मंजनवाल्याने मग पिठाची चाळण घेतली. चाळणीतून सगळं गेलं.

आता पहिली चिमूट राहिली. त्याने दोन बोटांत भुकटी घेतली आणि हात तोंडापर्यंत नेला. करकर वाजणार हे त्याला ठाऊक होतं. वाजली असती तर बापाची रीत आडवी आली असती. तो तसाच थांबला असताना शेवंता समोर येऊन बसली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "आबा, मला द्या ना."

त्याने ती चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. स्वतःच्या तोंडात घातली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही. घरात काळपट मंजनाचं एक जुनं मडकं होतं. ते त्याने गोठ्यात लपवून ठेवलं आणि गुरांना वैरण टाकायला गेला की तिथेच दात घासू लागला.

पावसाळा संपेपर्यंत शेवंताचे सगळे दात पांढरे झाले. ती पुन्हा घोंगडीवर बसली, पुन्हा हसू लागली, आणि तिचं हसणं बघायला पलीकडच्या आळीतली माणसंही येऊन जाऊ लागली. पांढऱ्या पुडीवर लोकांच्या उड्या पडल्या. काळपट मंजन मागायला एखादाच म्हातारा यायचा आणि ते आता बनत नाही ऐकून कुरकुरत परत जायचा. नदीपलीकडच्या एका चांगल्या घरातून शेवंताला मागणी आली. पाहुणे म्हणाले, मुलगी बाजारातच बघितली, आणखी काय बघायचं? लग्न वैशाखात ठरलं.

पौषाच्या थंडीत एके सकाळी शेवंता चूळ भरता भरता थांबली. तोंडातलं पाणी तिने टाकून दिलं आणि गालावर हात धरून पायरीवर बसली. मंजनवाला गोठ्यातून येत होता.

"आबा, गार पाणी दातांना लागतंय. पार डोक्यापर्यंत कळ जाते."

"सुरुवातीला होतं तसं. सवय होईल."

तिने मान वर करून विचारलं, "तुम्हालाही लागतं?"

त्याच्या दाढेत अजून लवंगेची चव होती. "लागायचं," तो म्हणाला, "आता नाही लागत."

तिचा त्यावर विश्वास बसला. का बसू नये? बाप जे विकतो ते आधी स्वतःच्या तोंडात घालतो, हे ती पाळण्यात असल्यापासून बघत आली होती. ती उठली, पाणी कोमट करून घेतलं आणि कामाला लागली. मंजनवाला तिथेच उभा राहिला. एवढंच खोटं बोललो, असं त्याला वाटलं. पण त्या एका शब्दाने त्याने तिला सावध व्हायची वाटच बंद करून टाकली होती.

पुढे ती भाकरी आमटीत भिजवून खाऊ लागली. पेरू आवडायचा, तो सोडला. ऊस सोडला. हसताना वारा लागला तरी तिचा डोळा बारीक व्हायचा. दातांच्या कडा आता काचेसारख्या आरपार दिसायच्या, आणि लोकांना तेच फार सुंदर वाटायचं. मध्येच एखाद्या दाताच्या मुळाशी पिवळं दिसू लागलं की ती घाबरून आणखी जोराने घासायची. साल गेल्यावर आतलं पिवळंच दिसणार, हे तिला कोण सांगणार? ज्याला ठाऊक होतं तो गप्प होता. लग्न एकदा पार पडू दे, मग बंद करू, असं तो रोज मनाशी म्हणायचा. बायको त्याच्याकडे बघायची आणि भाकरी वाढताना त्याच्या ताटात आदळायची.

वैशाख आला. मांडव पडला, हळद लागली, अक्षता पडल्या. त्या मुलखात लग्न लागल्यावर विडा तोडायची रीत आहे. नवरीने खोबऱ्याच्या लांब कापाचं एक टोक दातांत धरायचं आणि दुसरं टोक नवऱ्याने दातांनी तोडायचं. बायका भोवती कोंडाळं करतात, करवल्या चिडवतात, म्हातारे लांबून न बघितल्यासारखं करतात पण बघतात. शेवंता सकाळपासून आईला सांगत होती, की खोबरं नको, नुसतं पान चालेल. आईने पानाचा विडा करून ठेवलाही होता.

पण मंजनवाल्याने नको म्हटलं. नदीपलीकडून इतकी माणसं आली होती ती नवरीचे दात बघायलाच, आणि पानाच्या विड्याने काय दिसणार होतं? त्याने स्वतः खोबऱ्याची वाटी आणली, चांगली वाळलेली, कडक, आणि सुरीने लांब काप काढून दिला.

शेवंताने बापाकडे बघितलं. मग तिने काप दातांत धरला. सगळे हसत होते, कुणीतरी नवऱ्याला पुढे ढकललं. तो लाजत वाकला, दुसरं टोक दातांत धरलं आणि एक हिसका दिला.

वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. मागच्या बायका हसल्या, त्यांना वाटलं खोबरं मोडलं. नवरा काप तोंडात धरून मागे सरला, आणि काप अख्खाच्या अख्खा होता. त्याच्या दुसऱ्या टोकात पांढरं काहीतरी रुतलं होतं. शेवंताने तोंडावर हात धरला होता आणि बोटांमधून रक्त तिच्या हळदीच्या लुगड्यावर सांडत होतं. समोरचे दात तिथून मोडले होते जिथे ते सर्वांत पातळ झाले होते. करवली रडू लागली तेव्हा मांडवातली माणसं गप्प झाली. वाजंत्री मात्र बाहेर वाजवतच राहिले, कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वऱ्हाड त्याच संध्याकाळी परत गेलं. नवरी बरी झाली की घेऊन जाऊ, असं म्हणाले. नवरा वाईट नव्हता. एकदा येऊन ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आत नुसतं वाकून बघितलं आणि गेला. पुन्हा त्या घरचं कुणी आलं नाही.

शेवंताचा जबडा सुजला. ताप भरला, तोंडात पू झाला. वैद्य आला, त्याने दिव्याच्या उजेडात बघितलं आणि मंजनवाल्याला बाहेर बोलावून सांगितलं, की दातांची साल उरलेली नाही, आतपर्यंत कीड गेली आहे, पू रक्तात उतरला तर मुलगी हातची जाईल. जे दात राहिले आहेत ते काढायला हवेत. मग त्याने चिमटा उकळत्या पाण्यात टाकला आणि म्हणाला, कुणीतरी डोकं घट्ट धरा.

आईला ते धरवेना. डोकं मंजनवाल्याने धरलं. दात चांगले असते तर जोर लावावा लागला असता. तसा काही लागला नाही. शेवंता ओरडत होती आणि ओरडताना त्याच्याच दंडाला धरत होती. वैद्याने एकेक दात वाटीत टाकला, आणि प्रत्येक वेळी वाटी वाजली. मंजनवाला त्या वाटीकडे बघत नव्हता. पण कान काही मिटता येत नाहीत.

शेवंता वाचली. तोवर गावातही कुरबुर सुरू झाली होती. कुणाला गार लागत होतं, कुणाला गरम लागत होतं, कुणाची दाढ ठणकत होती. मांडवातली गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. एके सकाळी माणसं मंजनवाल्याच्या अंगणात जमली. पुढे एक म्हातारी होती, बाजारात पेरू विकणारी. आयुष्यभर ती स्वतःचे पेरू गिऱ्हाइकासमोर दातांनी तोडून दाखवायची, की बघा, किती ताजे आहेत. आता तिचा गाल सुजून डोळ्याला भिडला होता.

मंजनवाला म्हणाला, मला ठाऊक नव्हतं. आमच्याही घरात तेच झालं, बघताय ना. माझं काय कमी नुकसान झालं?

म्हातारीने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "तोंड उघड बाबा तुझं."

तो मागे सरला. कुणी त्याला धरलं नाही, मारलं नाही. सगळे नुसते उभे राहिले. शेवटी त्याने तोंड उघडलं.

आत सगळे दात होते. पिवळट, घट्ट, एकाला एक लागून, बापाचे होते तसे. एकाचाही टवका उडालेला नव्हता.

शेवंता आतल्या दाराला धरून उभी होती. अजून तिला नीट चालवत नव्हतं, पण आवाज ऐकून ती उठून आली होती. तिने बापाच्या तोंडात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग बोलली. दातांवाचून शब्द धड उमटत नव्हते, तरी अंगणातल्या प्रत्येकाला कळले.

"आबा, पहिली चिमूट तुम्ही घेतलीच नव्हती."

त्याने तोंड मिटलं.

"गार पाणी तुम्हाला कधी लागलंच नव्हतं," ती म्हणाली आणि भिंतीला धरत धरत आत गेली.

पेरूवाल्या म्हातारीने कनवटीची पांढरी पुडी काढली आणि त्याच्या पायांपाशी टाकली. तिच्यामागून एकेकाने टाकली. शिव्या कुणी दिल्या नाहीत. अंगण रिकामं झाल्यावर बायकोने झाडू आणला आणि सगळं गोळा करून परसातल्या खड्ड्यात पुरलं.

पुढच्या मंगळवारी मंजनवाला पुन्हा पिंपळाखाली बसला. त्याने काळपट मंजन केलं होतं, बापाने शिकवलं तसं, एकाही जिनसाची काटकसर न करता. बायकोने ट्रंकेतलं फडकं काढलं होतं आणि गाळून दिलं होतं. भर बाजारात, सगळे बघत असताना, त्याने पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात घातली आणि घासली. करकर वाजली नाही. मंजन चांगलं होतं. माणसं बघत होती आणि पुढे जात होती. ज्यांचे दात अजून वाचण्यासारखे होते ते सकाळी कडुनिंबाची काडी तोडून चावू लागले होते, मिठाच्या पाण्याने चुळा भरू लागले होते, आणि हळूहळू त्यातल्या कित्येकांचे ठणके थांबले. त्यांना मंजन नको होतं असं नाही. त्यांना त्याच्या हातचं नको होतं. तो दर मंगळवारी येत राहिला, पहिली चिमूट तोंडात घालत राहिला आणि भरलेली मडकी घेऊन परत जात राहिला.

घरी संध्याकाळी आई शेवंताची भाकरी दुधात कुस्करायची. अगदी बारीक, तान्ह्या मुलाला देतात तशी. शेवंता भिंतीकडे तोंड करून जेवायची. खाताना तिचे ओठ आत जायचे आणि ती तिच्या आईपेक्षा म्हातारी दिसायची, म्हणून ती कुणाच्या समोर जेवत नसे. घरात कुणी बोलत नसे, त्यामुळे मंजनवाल्याच्या चावण्याचा आवाज मोठा वाटायचा. ज्वारीची कडक भाकरी, कांदा, कधी भाजलेले दाणे. एक घास चावून झाला की त्याची नजर भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीकडे जायची, आणि दुसरा घास त्याला गिळवत नसे. एके दिवशी त्याने आपल्याही ताटात दूध ओतून घेतलं आणि भाकरी त्यात कुस्करली.

असं पुष्कळ दिवस चाललं. एकदा शेवंता वळून न बघताच म्हणाली, "आबा, तुम्ही कशाला कुस्करता? तुमचे आहेत की."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने भाकरीचा कोरडा तुकडा उचलला आणि तोंडापर्यंत नेला. आता हा वाजेल आणि तिला ऐकू जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याचा हात तिथेच थांबला, त्या भुकटीच्या दिवशी थांबला होता तसा. मग त्याने तुकडा खाली ठेवला आणि दुधात कुस्करू लागला.

पुढे तो फार वर्षं जगला. गेला तेव्हा त्याच्या तोंडातले बत्तीसही दात शाबूत होते. गेली कित्येक वर्षं त्यांनी काही चावलं नव्हतं.

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मोठ्यांनो: दात घासून पांढरे करण्याची घाई करू नका, कारण निघून गेलेली साल परत येत नाही, आणि जे आपण आपल्या तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका, कारण निघून गेलेला विश्वासही परत येत नाही.